चोवीस कादंबऱ्यांचं वर्ष, आणि वहीत भरलेल्या बावीस

नोव्हेंबर २०२३ मध्ये आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही आठवडे पुस्तक हातात घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या घरात दुपारी दोन ते चार ही आईची वाचायची वेळ. त्या वेळेत दूधवाला आला तरी तिला चालत नाही. चार दिवस तिनं कसेबसे काढले. पाचव्या दिवशी मला हाक मारली, ‘स्वामी’ माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खूण आहे तिथून वाच."

मी वाचायला लागलो. अर्ध्या पानावर तिनं थांबवलं. "वाचून राहिला आहेस की पाढे म्हणून राहिला आहेस?"

मी सरकारी शाळेत गणित शिकवतो, हिंदी माध्यमात. माझं स्वतःचं शिक्षणही हिंदीतच झालं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, दोन्ही जन्मापासून. देवनागरी दोन्हीकडे एकच, त्यामुळे मराठी आपल्याला वाचता येतं अशी माझी समजूत होती. त्या दुपारी कळलं की माझे डोळे मराठी ओळीवर फिरतात, पण वाचतात हिंदी. ‘चेष्टा’ आलं की मला प्रयत्न दिसतो. ‘शिक्षा’ म्हणजे शाळा, ‘यातायात’ म्हणजे पलासिया चौराह्यावरची वाहतूक. ‘संसार’ या शब्दावर तर मी अख्खं जग डोळ्यांपुढे आणत होतो आणि लेखक बिचारा स्वयंपाकघराबद्दल सांगत होता.

त्या रात्री ठरवलं, की २०२४ मध्ये चोवीस कादंबऱ्या वाचायच्या. मूळ मराठीतच लिहिलेल्या. आणि रोज किमान एक पान आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं. हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या, मराठी बोलणाऱ्या पण मराठी पुस्तक उघडलं की घाम फुटणाऱ्या लोकांसाठी. बाकीच्यांना यात नवं फारसं सापडणार नाही.

सवयीप्रमाणे आधी हिशेब मांडला. सरासरी २८० पानं धरली तर चोवीस पुस्तकांची ६,७२० पानं. लीप वर्ष असल्यामुळे दिवस ३६६. म्हणजे रोज अठरा-एकोणीस पानं. घड्याळ लावून माझा वेग मोजला, तर तासाला तेरा पानं. रोज जवळजवळ दीड तास! बायको म्हणाली, "अहो, एवढ्या वेळात तुम्ही रोज भाजी तरी आणून देत जा." (भाजीही आणली. पिशवीत पुस्तक असायचं.)

पुस्तकं कुठून आणायची, हा पहिला अडथळा. आईच्या कपाटात सात-आठ होती. बाकीच्यांसाठी गावातल्या एका जुन्या मराठी ग्रंथालयात मंगळवारी, ९ जानेवारीला गेलो. सोमवारी बंद असतं, हे सोमवारी जाऊन समजलं होतं. वेळ संध्याकाळी पाच ते आठ. अर्ज, दोन फोटो, आधारची प्रत आणि एका जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही. अनामत ३०० रुपये, महिन्याचे ३०. दोन पुस्तकं पंधरा दिवसांसाठी, उशीर झाला तर पुस्तकामागे रोज एक रुपया. जामीन मिळेना, कारण माझ्या ओळखीतला एकही माणूस सभासद नव्हता. काउंटरवरच्या काकांनी आईचं नाव विचारलं, लाल कापडात बांधलेलं एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले. सभासद क्रमांक ४१२. शेवटची वर्गणी १९९६. अनामत पंचवीस रुपये, परत घेतलेली नाही.

"म्हणजे त्या अजून सभासदच आहेत," काका म्हणाले. "पण अर्ज त्यांच्या हातचा पाहिजे."

आईनं एक डोळा झाकून अर्ज लिहिला, ‘क्रमांक पुन्हा चालू करून मुलाच्या नावे देण्यात यावा’ असा. तो कार्यकारिणीच्या बैठकीत मंजूर व्हायला हवा होता आणि बैठक महिन्याच्या चौथ्या शनिवारी. तर २७ जानेवारीला कार्ड हातात आलं. अशा ठिकाणी जाणार असाल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांची जुनी नावं आधी विचारून ठेवा, फार उपयोग होतो. आणि डिसेंबरमध्येच जा. माझा जानेवारी आईच्या कपाटावर निघाला.

कपाटातली पहिली अर्थातच ‘स्वामी’, रणजित देसाईंची. १९६२ सालची. मला आवडली, पण आईला वाटतं तितकी नाही. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला गेले, हे वाचताना गळ्याशी आलं, ते खरं. पण कादंबरीभर सगळी माणसं फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी वाटतात. पाठ ताठ, शेला नीट. कुणी शिंकतसुद्धा नाही. नवशिक्या वाचकासाठी मात्र उत्तम. वाक्यं छोटी, प्रसंग स्पष्ट आणि पुढे काय होणार ते माहीत असल्यामुळे शब्द अडला तरी गाडी अडत नाही.

दुसरी ‘ययाति’. तिच्यावरून घरात भांडण झालं. आईनं ती सोळाव्या वर्षी वाचली होती आणि रडली होती. मी पंचेचाळिसाव्या वर्षी वाचली आणि चिडलो. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालेलं, पुस्तकाला साहित्य अकादमी, तेव्हा माझ्या मताला किंमत किती ते मला ठाऊक आहे. तरी सांगतो. यातला प्रत्येक माणूस प्रेम करता करता सुविचार बोलतो. कच तर फळ्यावर लिहूनच ठेवतो. ययातीच्या तोंडी स्वतःच्या दुबळेपणाची कबुली येते ती पानं जिवंत आहेत. शर्मिष्ठेचा भागही. पण देवयानी इतकी सपाट का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आई म्हणाली, "तू उशिरा वाचली." असेलही. काही पुस्तकांना वय असतं, हे तिचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलं.

वहीचं सांगायचं राहिलं. दोनशे पानी, चाळीस रुपयांची. डाव्या पानावर तारीख, पुस्तक, कुठवर आलो. उजव्या पानावर अडलेले शब्द. सुरुवातीला मी प्रत्येक शब्दासाठी कोश उघडायचो. त्यामुळे फेब्रुवारीत ‘कोसला’ चाळिसाव्या पानावर सोडून दिली. मग नियम बदलला. शब्द वहीत लिहायचा, थांबायचं नाही, रात्री आईला विचारायचा. अर्ध्याहून जास्त शब्द पुढच्या पाच पानांत आपोआप उलगडायचे. हा एवढा एक बदल नसता तर मार्चमध्ये मी वही रद्दीत दिली असती.

मार्चमध्ये ‘रणांगण’ वाचली. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची, अगदी बारीक. रंगपंचमीला, ३० मार्चला, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली होती. गल्लीत पिचकाऱ्या आणि टँकर, आणि मी गच्चीच्या जिन्यात दार लावून बसलो होतो. युरोपातून निघालेलं जहाज, जर्मनीतून जीव घेऊन पळालेली ज्यू माणसं, त्यातली हॅर्टा, आणि आपला चक्रधर विध्वंस. या माणसाचा मला राग आला. इतकं प्रेम समोर चालत येतं आणि हा स्वतःच्या जुन्या जखमेला कुरवाळत बसतो. पण राग आला म्हणजे पुस्तक लागलं. शेवट वाचून खाली उतरलो तर मुलीनं डोक्यावर हिरवा रंग ओतला. तोंड पुसताना बायकोनं विचारलं, "डोळ्यात गेला का?" मी हो म्हणालो.

एप्रिलमध्ये निवडणुकीच्या ट्रेनिंगनं सगळं वेळापत्रक बिघडलं. १३ मेला इंदूरचं मतदान होतं. १२ तारखेला सकाळी स्टेडियमवर रांगेत मशीन, व्हीव्हीपॅट, शाईची बाटली, बावीस प्रकारची पाकिटं ताब्यात घेतली आणि दुपारी बसनं देपालपूरकडच्या एका गावात पोचलो. बूथ म्हणजे गावातली प्राथमिक शाळा. दोन खोल्या, एक पंखा. पाकिटांवर नावं घालून झाल्यावर रात्री नऊ वाजता पिशवीतून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ काढली.

ते पुस्तक असं वाचायला मिळणं हा माझ्या वर्षातला सगळ्यात मोठा योग. एक पोरगेला मास्तर पहाटेच्या अंधारात चालत एका धनगरवाडीत शाळा उघडायला येतो. माणसं मेंढरांमागे गेलेली, शाळेत पोरं नाहीत. मी ज्या सतरंजीवर पडलो होतो तिच्यासमोर भिंतीवर बारापर्यंतचे पाढे रंगवलेले होते आणि तेराव्याची जागा रिकामी होती. कोपऱ्यात पटाची वही, खडूचा डबा, कुणाची तरी एक चप्पल. माडगूळकर एकही शब्द वाढवून सांगत नाहीत. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, ही माणसं दोन-दोन ओळींत उभी राहतात आणि मग जात नाहीत. मास्तर शिकवतो कमी; लोकांची पत्रं लिहितो, भांडणं सोडवतो, तालीम बांधायला लावतो. सरकारी मास्तराला हे वेगळं सांगायला नको. आम्हीही शिकवण्याच्या मधल्या वेळात बाकी सगळं करतो. त्या रात्री तर मी तेच करत होतो. दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते, तिथे पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. साडेपाचला मॉक पोल. कमीत कमी पन्नास मतं टाकून दाखवायची असतात. ती टाकताना माझं एक बोट अजून शेवटच्या पानात होतं.

हे ग्रंथालयातल्या काकांना सांगितलं तर त्यांनी भलतंच सांगितलं. माडगूळकरांचं माडगूळ औंध संस्थानात. आणि त्या औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९३५ साली आपल्या इंदूरला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. "तेव्हा आपल्याकडे राजेसुद्धा पुस्तकाच्या निमित्तानं यायचे," काका म्हणाले आणि माझ्याकडून चार रुपये दंड घेतला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘पानिपत’. सहाशेच्या आसपास पानं. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ची, आणि महाराष्ट्रातल्या लोकांनी ती कशी वाचली ते मला माहीत आहे. मल्हारगंजात बसून वाचणं वेगळं असतं. आमच्या गल्लीचं नावच मल्हाररावांवरून. लहानपणी आम्ही छत्रीबागेत लपाछपी खेळलो. शाळेच्या सहली, मिरवणुका, चौकातले पुतळे, सगळीकडे होळकर म्हणजे घरचे मोठे. आणि इथे मल्हारराव नजीबखानाला पाठीशी घालतात, गनिमी काव्याचा हट्ट धरतात आणि १४ जानेवारी १७६१च्या त्या दुपारी आपली फौज घेऊन रणातून निघतात. मी आईला तो भाग वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "निघाले म्हणून पुढे काही उरलं ना. सगळेच मेले असते तर आपण इकडे कुठून असतो?"

इतिहासाच्या दृष्टीनं हे उत्तर कितपत टिकेल ते राहू दे. पण कादंबरीत मला हीच बाजू पुरेशी दिसली नाही. भाऊसाहेबांच्या बाजूनं पुस्तक इतकं झुकलेलं आहे की म्हाताऱ्या सुभेदाराच्या मनात काय चाललंय तिथे फार वेळ थांबायला लेखकाला सवड नाही. युद्धाचं वर्णन मात्र असं, की बाहेर बेचाळीस डिग्री असताना माझ्या तोंडाला कोरड पडायची ती त्या उपाशी फौजेमुळे. त्यावर उतारा म्हणून लगेच नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ घेतली. बंगालच्या मोहिमांमधला एक साधा हेर, चावट, भित्रा आणि चौकस. मोठ्या माणसांचा इतिहास त्याच्या उंचीवरून किती वेगळा दिसतो! पुस्तकात हसू येतं तिथे थोडं वाईटही वाटतं. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा कंटाळा आलेल्या प्रत्येकाला मी ही सुचवतो. तीन-चार जुन्यांनंतर वाचली तर आणखी मजा.

जूनअखेर वहीत अकरा होत्या. हिशेबानं बारा हव्यात. चष्मा बदलावा लागला, १,९०० रुपये. वर्षभरातला सगळ्यात मोठा खर्च तोच.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेतल्या स्टाफरूममध्ये ‘झाडाझडती’ घेऊन बसलो होतो. हीसुद्धा विश्वास पाटलांचीच, १९९१ची, अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणात गाव जातं आणि लोक कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात, तिची गोष्ट. आमचे हिंदीचे सर शेजारी बसतात. ते हरसूदचे. इंदिरा सागर धरणात बुडालेलं हरसूद, ३० जून २००४ला रिकामं केलेलं. त्याला नुकतीच वीस वर्षं झाली होती. त्यांनी विचारलं, "काय वाचताय?" मी सांगितलं. म्हणाले, "सुनाओ." मी मराठी वाचायचो आणि जागेवरच हिंदी करून सांगायचो. मोजणी, मोबदल्याचे कागद, एका टेबलावरून दुसऱ्यावर, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. सर मान हलवत होते. मध्येच हात वर करून म्हणाले, "बस, इतना ही." आणि मग स्वतः सांगायला लागले. घर पाडायला मजूर मिळत नव्हते म्हणून त्यांनी आणि वडलांनी स्वतःच्या हातानं छपराची कवलं उतरवली. एकेक कवल वडील फडक्यानं पुसून रचत होते. छनेऱ्याला नव्या प्लॉटवर नेली, पण तिथे कवलाचं घर झालंच नाही. "अभी भी रखे हैं, पीछे, गिन के," सर म्हणाले. "चार सौ कुछ."

कादंबरी म्हणून तिच्यात दोष आहेत. खलनायक फार उघड, आणि मधली शंभर पानं एकाच दुःखाभोवती फिरतात. वहीत मी हे लिहिलं होतं. स्टाफरूममधल्या त्या दुपारनंतर त्यावर काट मारली. मग पुन्हा लिहिलं, कारण दोष आहेत ते आहेत.

पावसाळा ‘तुंबाडचे खोत’चा. पेंडशांची दोन खंडांची कादंबरी. पहिला खंड ग्रंथालयात मिळाला. दुसरा एका सभासदाकडे २०१९पासून. काकांनी फोन नंबर शोधून दिला, मी तीनदा फोन लावला, शेवटी एका रविवारी पावसात जाऊन विजयनगरहून घेऊन आलो. त्या बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मी वाचलेला नाही हो, पहिला खंडच मिळाला नव्हता." पाच वर्षं एक खंड इकडे, एक तिकडे!

जगबुडी नदीच्या काठचं ते तुंबाड, पिढ्यांमागून पिढ्या माजणारे आणि मोडणारे खोत. मी कोकण पाहिलेलं नाही. पडवी, पाखाडी, वहाळ, आगर. माझ्या उजव्या पानावर त्या दोन महिन्यांत शंभरावर शब्द चढले. माळव्यात पाऊस पडतो, पण तो काळ्या मातीत मुरतो. तिथला पाऊस माणसांच्या अंगात मुरलेला. इतकी पात्रं की मी शेवटच्या पानावर वंशवृक्ष काढला आणि दोनदा खोडला. तरी कंटाळा म्हणून आला नाही. मोठ्या कादंबरीची भीती असेल तर हीच आधी घ्या, फक्त दोन्ही खंड हातात आल्यावर.

ऑगस्टअखेर पुन्हा ‘कोसला’. या वेळी चाळिसावं पान ओलांडलं. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला येतो, वडलांचे पैसे उडवतो आणि हात हलवत परत जातो. माझ्या वर्गात दरवर्षी असे दोन तरी असतात, म्हणून पहिला अर्धा भाग मी मास्तराच्या नजरेनं वाचला आणि वैतागलो. मग मणी मरते. धाकटी बहीण, देवीच्या आजारानं. ती पानं वाचताना तास बुडाला, मुलं बोलवायला आली. नेमाड्यांनी तिथे रडायला काही सोय ठेवलेली नाही. नुसते प्रश्न. वही उघडली तर काय लिहावं ते सुचेना, म्हणून तारीख टाकून बंद केली.

सप्टेंबरमध्ये जे घडलं त्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. उद्धव शेळक्यांची ‘धग’ माझ्या पुण्याच्या मावसभावानं पोस्टानं पाठवली, नऊ दिवस लागले. विदर्भातल्या खेड्यातली कौतिक, तिचा नवरा महादेव, दारिद्र्य, आणि त्यावर महादेवाला झालेला महारोग. संवाद सगळे वऱ्हाडीत. मी दहा पानांत दमलो. ‘मले’, ‘तुले’ इतपत ठीक होतं, पण पुढे सगळं अंगावर यायला लागलं. आईला मोठ्यानं वाचून दाखवत होतो तर ती हसायलाच लागली. कौतिक रडतेय आणि आई हसतेय.

"दे इकडे," म्हणाली.

डोळे आता चांगले झाले होते. तिनं पुस्तक हातभर लांब धरलं आणि वाचायला लागली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आईचं माहेर बऱ्हाणपूरचं. तिची आजी अकोल्याकडची होती आणि अशीच बोलायची, हे तिनं पंचेचाळीस वर्षांत मला एकदाही सांगितलं नव्हतं. इंदूरला लग्न होऊन आली तेव्हा सासरच्यांनी, म्हणजे माझ्या आजीनं, पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की आपल्याकडे असं बोलत नाहीत. मग आईनं ते बोलणं बंद केलं. आणि आता इतक्या वर्षांनी, पलंगावर मांडी घालून, ती कौतिकचं प्रत्येक वाक्य कौतिकच्याच तोंडून बोलावं तसं म्हणत होती. शब्द कोशात शोधायची गरजच राहिली नाही. कुठे ओरडायचं, कुठे आवाज पडू द्यायचा, सगळं त्या ओळींत होतंच. मला ते ऐकू येत नव्हतं.

अकरा दिवसांत तिनं ‘धग’ पूर्ण वाचून दाखवली. गणपती त्याच दिवसांत होते. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात म्हणून मुलगी आग्रह करत होती, "आजी, चल ना बघायला." आई म्हणाली, "कौतिकचं होऊन जाऊ दे." माझ्या मते ही वर्षातली सर्वांत मोठी कादंबरी, आणि मी ती वाचलेली नाही, ऐकली आहे. नियमात बसते का? वहीत मी ती वाचलेल्यांतच लिहिली.

यानंतर माझी वाचायची पद्धत बदलली. बोलीतली कादंबरी असेल तर पहिली वीस पानं मोठ्यानं वाचायची, एकटं असलं तरी. ‘बारोमास’ आणि ‘गोतावळा’ अशाच गेल्या. ‘गोतावळा’त ट्रॅक्टर येतो आणि बैल जातात, तेव्हा नारबाचं जे होतं ते आनंद यादवांनी त्याच्याच तोंडानं सांगितलंय. मनात वाचलं असतं तर निम्मं हुकलं असतं.

३ ऑक्टोबरला घट बसले आणि त्याच संध्याकाळी केंद्राच्या मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याची बातमी आली. फोनवर दीडशे अभिनंदनं. पुण्याचे, ठाण्याचे, अमेरिकेतले सगळे नातेवाईक. मी तेव्हा नेमाड्यांच्या ‘हिंदू’च्या नव्वदाव्या पानावर अडकलो होतो. अभिजात भाषेनं मला घाम फोडला होता. खंडेराव, मोरगाव, मोहेंजोदडोचं उत्खनन, त्यातून घर, त्यातून गाव, त्यातून जात, लमाण, महानुभाव. वाक्य सुरू झालं की कुठे जाऊन उतरेल सांगता येत नाही. अधूनमधून इतकं सुंदर की वही बाजूला राहते, आणि मग तीस पानं मी बैलगाडीमागे धावतोय असं वाटतं. २१३व्या पानावर सोडली. ‘मृत्युंजय’सुद्धा अर्धवट सोडली, तिच्याबद्दल मात्र मनाला लागलं नाही. कर्णाचं दुःख मोठं आहे, पण तो स्वतः ते इतक्या वेळा सांगतो की माझ्या वाटणीला काही राहिलं नाही. मुलीला ती फार आवडली. तिचं वय सोळा.

दिवाळीच्या सुट्टीत ‘राऊ’ वाचली आणि एका सकाळी मोटारसायकल काढून चोरल, बडवाहमार्गे रावेरखेडीला गेलो. बाजीराव तिथेच गेले, २८ एप्रिल १७४०, नर्मदेकाठी. इनामदारांच्या पुस्तकात शेवट मस्तानीच्या ओढीनं भरलेला आहे. समाधीपाशी पोचलो तर दोन बकऱ्या आणि एक राखणदार. त्यानं विचारलं, "कहाँ से?" इंदूर म्हटल्यावर म्हणाला, "पूना वाले आते हैं, इंदौर वाले कम." त्या कठड्यावर बसून शेवटची वीस पानं पुन्हा वाचली. पुस्तक तेवढं उरलं नाही. नदी फार मोठी होती.

शेवटच्या सहा आठवड्यांत लहान पुस्तकं उरकली, हे कबूल करतो. पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ मात्र उरकण्यासारखी निघाली नाही. एकोणचाळीस पत्रं. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायच्या आत संपली आणि मी घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ इंटरनेटवर मोफत मिळाली, कारण त्यांना जाऊन शंभरावर वर्षं झाली. सव्वाशे वर्षांपूर्वीची भाषा म्हणून मी घाबरून डिसेंबरपर्यंत लांबवली होती. यमू बोलायला लागली आणि भीती गेली. शेजारच्या घरातली मुलगी खिडकीतून सांगतेय असं वाटतं. केशवपनाचा प्रसंग बायकोला वाचून दाखवायला घेतला. तिनं हातातलं गराडू कापणं थांबवलं आणि म्हणाली, "नका वाचू." थोड्या वेळानं म्हणाली, "वाचा."

३१ डिसेंबरला वहीत बावीस. वेग तासाला सव्वीस पानांवर आला होता. अनामत, वर्गणी, दंडाचे ६४ रुपये, विकत घेतलेली नऊ पुस्तकं, पोस्ट आणि चष्मा धरून खर्च ६,१८४ रुपये. अनामत परत मिळते. आई तरी मागायला गेली नव्हती.

त्या संध्याकाळी पुस्तकं परत करायला ग्रंथालयात गेलो. काउंटरपाशी एक तरुण मुलगा अर्ज हातात घेऊन उभा होता. जामीन मिळत नव्हता. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पेन घेतलं, सही केली आणि खाली सभासद क्रमांक लिहिला, ४१२.

"सर, पहिली कोणती घेऊ?" त्यानं विचारलं.

"घरी कोण आहे तुझ्या?" मी म्हणालो.

"आजी."

"कुठली?"

"तिला विचारावं लागेल," तो म्हणाला.

"कार्ड चौथ्या शनिवारी मिळेल," काका म्हणाले. "तोवर विचारून घे."